सोमाचे चोथ्याचे पेले

त्या दिवशी सकाळी सोमानं झेंडूची चाळीस रोपं लावली अन् मी बांधावर बसून राहिले. हात लावला नाय. सोमा माझा धाकटा भाऊ. मी म्हणलं, "पेल्यासकट लावतोस? मुळ्या कोंडून मरतील."

तो हसला. "आक्का, पंधरा दिसांनी एक उपटून बघ. पेला दिसला तर मला शिव्या दे."

दुपारी जेवून खाटेवर पडला तो उठलाच नाय. डॉक्टर म्हणले अटॅक.

आमचा मळा पाथर्डीला. सोमा रोज शहरात इंदिरानगरला फुलं द्यायला जायचा अन् येताना कॉफीच्या दुकानातून बादलीभर चोथा आणायचा. आमच्यात कॉफी कोणी पीत नाय. तिथली चैताली नावाची पोरगी फुकट द्यायची. मला तिथंच शंका. फुकट कोण काय देतं? मी म्हणलं, "तिचा डोळा मळ्यावर हाय."

"तिला मेथी अन् शेपू वळखता येत नाय, मळा घेऊन काय करल?"

मग मी चोरून तुळशीला तो चोथा घातला, खरंखोटं बघायला. तुळस जळाली. लय बोलले त्याला. तो एवढंच म्हणला, "शेण तरी ताजं घालती का तू झाडाला?"

तो चोथा कुजवायचा, त्यात शेण अन् कणकेची खळ मळायचा अन् आईच्या पितळी पेल्यावर थापून वाळवायचा. त्या पेल्यात रोप वाढवायचं अन् पेल्यासकट लावायचं. म्हणायचा, प्लास्टिकची पिशवी रानात राहती, ह्याची माती होती. मला वाटायचं, ह्याला कोणीतरी नादी लावलंय.

दहाव्याला चैताली आली. रडली. मग हळूच म्हणली, "मावशी, काका ज्यावर पेले थापायचे तो पितळी पेला कुठंय?"

बघा! मी म्हणलं, हरवला. ती गेल्यावर ज्वारीच्या कोठीत खाली दाबून ठेवला.

पंधराव्या दिवशी बांधाकडचं एक रोप उपटलं. पेला नव्हताच. पांढऱ्या मुळ्या चहूकडं गेलेल्या, मधी काळे कण, बोटानं चुरले तर माती. रोप परत लावलं, तांब्याभर पाणी घातलं.

घरी येऊन कोठीत कोपरापर्यंत हात घातला. पेला चिंचेनं घासला. मग सोमाच्या मोबाईलवरून चैतालीला फोन लावला अन् पहिलं हेच विचारलं, "फुकट का देत होतीस गं?"

ती म्हणली, "आधी घंटागाडीतच टाकत होतो मावशी. बादली कधी आणता?"

मी म्हणलं, "उद्या."