जोडूनच येतं

आमच्या दवाखान्यात त्याला सगळे सर्व्हरमामा म्हणतात. केसपेपरच्या खिडकीमागं एक थंडगार खोली, खोलीत काळं कपाट, कपाटात यंत्र आणि यंत्रासमोर मामा. दोन लाख पेशंटांची नावं, आजार, रक्तगट, सगळं त्या यंत्रातल्या डेटाबेसात. मामाला शिंक आली तरी तो दाराबाहेर जाऊन द्यायचा.

असा हा सरळ माणूस एकाच बाबतीत सहा वर्षं रेटून खोटं बोलला.

डेटाबेस सर्व्हरसोबत एक ॲप्लिकेशन सर्व्हरही आला होता. घराला पुढून दुकानाचा गाळा काढून देतात, तसा. माहिती राहते घरात, गाळा ती पानांवर मांडून दाखवतो. पूर्वी खिडकीवर दिसणारी पानं त्या गाळ्यातूनच यायची आणि ती मामीनं बनवली होती. मामी तेव्हा इथंच नोकरीला. पुढं दवाखान्यानं नवा प्रोग्राम घेतला, तो थेट डेटाबेसाशी बोलू लागला. गाळा रिकामा पडला. मामी निवृत्त झाली, लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला म्हणून परगावी गेली आणि तिकडंच रुतली. यंत्र सोडून मामाला चार दिवसांवर राहवायचं नाही, आणि 'ये' असं तो कधी म्हणाला नाही.

रिकामा गाळा मात्र चालूच राहिला. यंत्राची निम्मी मेमरी गिळून बसला. खिडकीवर नाव टाकलं की पडद्यावर नुसती चकरी फिरायची. कुणी म्हणालं, "बंद करा की ते," तर मामा शांतपणे सांगायचा, "जोडूनच येतं ते. वेगळं होत नाही."

खरी गोष्ट अशी, की मामा रोज सकाळी मामीचं जुनं पान उघडायचा. वर तिनं थट्टेनं लिहिलेली ओळ असायची : 'आलात? आधी पाणी प्या, मग यंत्राला हात लावा.' मामा पाणी प्यायचा. मग यंत्राला हात लावायचा.

यंदा नवी इंजिनिअर आली. ही पोरगी माहितीपुस्तक वाचणारी निघाली.

"मामा, हा सर्व्हर ऐच्छिक आहे. सेटिंगमध्ये 'नाही' लिहिलं की डेटाबेस एकटा उठतो."

"पुस्तकात काय, काहीही लिहितात."

"त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ आहे. अक्षरही आहे बाजूला. तुमचंच."

मामाचे कान लाल झाले. तेवढ्यात खिडकीवरून एक बाई ओरडली, "अहो, नुसती कणकण घेऊन आले होते, आता न्यूमोनिया व्हायची वेळ आली! सापडलं का नाव?"

रांग हसली. मामा काचेतून बघत राहिला. रांग दारापर्यंत गेली होती, आणि हसणाऱ्यांतले निम्मे जमिनीवर बसले होते.

दुपारी खिडकी बंद असताना त्यानं 'नाही' लिहिलं. डेटाबेस बंद करून पुन्हा चालू केला. निम्म्या वेळात उठला, एकटा, ठणठणीत. खिडकी उघडल्यावर माणसाचं आडनाव सांगून होईस्तोवर कागद हातात पडू लागला.

दुसऱ्या दिवशी सवयीनं त्यानं मामीचं पान उघडलं. पान सापडत नाही, असं आलं. अकरा वाजले तरी त्यानं पाण्याचा घोट घेतला नव्हता. मग फोन लावला.

"अगं, तुझं पान बंद केलं."

"कुठलं पान?"

"केसपेपरचं. पाणी प्या म्हणायचं ते."

"अगंबाई! ते अजून चालू होतं? कशाला?"

जोडूनच येतं, हे मामाच्या अगदी ओठावर आलं होतं.

"मीच ठेवलं होतं," तो म्हणाला. "आता तूच ये."

तिकडं एक भांडं पडलं, एक पोर रडायला लागलं.

"धाकटं शाळेत जायला लागलं, की येते," मामी म्हणाली.

"बरं."

धाकटं आठ महिन्यांचं होतं. मामानं फोन ठेवला, उठला, पाणी प्यायला आणि यंत्राला हात लावला.