युरियाचं पाणी

आमचे हे डिझेलचे मिस्त्री आहेत. काष्टीच्या पुढं रस्त्याच्या कडेला ह्यांचं पत्र्याचं शेड आहे आणि त्याला लागून आमच्या दोन खोल्या. लग्न होऊन आले तेव्हापासून दिवसभर इंजिनंच ऐकत आले. ट्रॅक्टर, ट्रक, विहिरीवरची इंजिनं. कुणाशी फार बोलायची मला सवय नाही, पण शेडात काय चाललंय ते आत भाकरी थापताना कळायचं.

लोक गाडी चालू ठेवूनच हाक मारायचे, "मिस्त्री, धूर बघा!" हे लांबूनच बघून सांगायचे. काळा असला तर डिझेल नीट जळत नाही, निळसर असला तर ऑइल वर चढतंय, पांढरा असला तर कुठंतरी पाणी शिरतंय. मग एक लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनावर टेकवायचा, त्याची लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ शेडातलं कुणी बोलायचं नाही. मी भांडी घासत असले तर माझाही हात थांबायचा.

त्या धुराचं मला कधी कौतुक नव्हतं. दोरीवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काळपट होऊन यायचे. ह्यांचे कपडे वेगळे भिजवावे लागायचे, तरी डिझेलचा वास जायचा नाही. सकाळी उठल्यावर हे खोकत बसायचे आणि मोरीत काळं पडायचं. म्हणून नव्या गाड्यांना धूर नसतो असं पहिल्यांदा कानावर आलं, तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

माझ्या धाकट्या भावाचा ट्रक आहे. हंगामात ऊस, बाकी दिवसांत विटा, वाळू, मिळेल ते. त्याचा आधीचा ट्रक जुना होता आणि तो ह्यांनीच जगवला होता. भाऊ लोकांना सांगायचा, "गाडी माझी, पन जीव दाजींचा." त्यानं तो विकला आणि नवीन घेतला, तो सरकारच्या नव्या नियमाचा. शोरूममधून निघाला तो आधी आमच्या दारात आणला. बहिणीनं ओवाळल्याशिवाय पहिली खेप करायची नाही, असं आमच्या माहेरी आहे. मी चाकाखाली लिंबं ठेवली, कुंकू लावलं. भावानं खिशातला पांढरा रुमाल काढून सायलेन्सरच्या तोंडावर धरला आणि क्लिनरला गाडी रेस करायला लावली. रुमाल पांढराच राहिला. सगळे हसले. हे हसले नाहीत. वाकून गाडीच्या खाली बघत होते.

"ही निळ्या झाकनाची टाकी कशाची?" ह्यांनी विचारलं.

"त्यात युरियाचं पानी घालायचं असतं, दाजी. त्यानं धूर साफ होतो. ते संपलं की गाडी रुसती."

शेजारच्या टपरीवाल्याला तेवढंच पाहिजे होतं. "मिस्त्री, आता गाडीलाबी खत घाला. उसावानी टनेज वाढंल!"

टाकीजवळ एक कागद चिकटवलेला होता. त्यावर सगळं इंग्रजीत होतं आणि शेजारी नळाचं चित्र काढून त्यावर लाल फुली मारली होती. मला वाटलं, इथं गाडी धुवायची नाही, असं काहीतरी असेल.

त्यानंतर भाऊ यायचा, पण गाडीला काही लागायचं नाही. हे बॉनेट उघडून बघायचे आणि परत लावायचे. आत वायरीच वायरी. भाऊ म्हणायचा, "दाजी, राहू द्या, कंपनीवाल्यांनी उघडू नका म्हनून सांगितलंय." हे म्हणायचे, "मी कुठं उघडतोय? बघतोय नुसता." शेडातली कामंही कमी होत चालली होती. जुने ट्रक भंगारात जायला लागले. मोठे ट्रॅक्टर घेणारे लोकही थेट शोरूमला जायला लागले, कारण त्यांनाही नवे नियम लागले होते. टपरीवर बसलेल्यांत कुणीतरी म्हणायचं, मिस्त्रीचा जमाना गेला. हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पण मला दिसत होतं, भावाची गाडी आली की हे ताठ होऊन उभे राहतात. घरचीच गाडी आपल्या हातानं चालली नाही, तर रस्त्यावरचा कोण हात लावू देणार, हेच ह्यांच्या मनात होतं.

उसाचा हंगाम भरात असताना एकदा भाऊ सकाळीच आला. निळ्या टाकीचा दिवा लागला होता. नेहमीच्या दुकानात ते पाणी संपलेलं होतं, पुढच्या पंपावर जाऊन यायचं तर कारखान्यावरचा नंबर जाईल म्हणून तो कावलेला होता.

हे म्हणाले, "कशाला पंपावर जातो? युरियाच हाय ना? गोनी घरात पडलीय."

"त्यो चालतो का, दाजी?"

"युरिया म्हंजी युरिया. पिकाला येगळा आन गाडीला येगळा असतो व्हय?"

आमच्याकडं काय, उसाला घालायचा युरिया प्रत्येकाच्या घरात असतो. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. ह्यांनी मोठ्या बादलीत बोअरचं पाणी घेतलं, युरिया टाकला आणि काठीनं ढवळला. मी जुन्या धोतराचं फडकं दुहेरी करून धरलं, त्यातून गाळून घेतलं. पाणी थंडगार झालं होतं. हे फार हळू ओतत होते, एखाद्या आजारी माणसाला औषध पाजावं तसं. भावानं गाडी चालू केली आणि आतून ओरडला, "दाजी, दिवा गेला!"

त्या दिवशी हे दोन भाकरी जास्त जेवले. टपरीवर जाऊन सगळ्यांना सांगितलं. टपरीवाला म्हणाला, "मिस्त्री, ह्यो फॉर्म्युला कंपनीला इकू नका म्हंजी झालं." ह्यांना ती चेष्टा फार आवडली. घरी येऊन मलाही सांगितली, तेही हसत. किती दिवसांनी ह्यांना असं हसताना मी पाहिलं.

गाडी काही खेपा चांगली चालली. मग एका दुपारी भावाचा फोन आला. भरलेला ट्रक कारखान्याच्या रस्त्याला, आमच्यापासून जवळच उभा होता. "दाजी, पिकअपच घेत न्हाई. मुंगीवानी चाललीय." हे हत्यारांची पेटी मोटरसायकलला बांधून निघाले. भाऊ सकाळपासून उपाशी असेल म्हणून मीही डबा घेऊन मागं बसले.

रस्ता अरुंद होता. मागं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. एक जण ओरडला, "ओ मिस्त्री, लिंबू बदला चाकाखालचं!" ह्यांनी भावाला गाडी चालू करायला लावली. स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मी बाजूला बाभळीखाली उभी होते. ह्यांनी एका जागी ऐकलं, दुसऱ्या जागी ऐकलं, पुन्हा पहिल्या जागी आले. हॉर्न चालूच होते. मग हे सरळ उभे राहिले आणि भावाला म्हणाले, "इंजिन तर झ्याक हाय रं."

ते खरंच होतं. आवाज मलाही चांगलाच वाटत होता. इंजिनाला काही झालेलं नव्हतं आणि तरी गाडी चालत नव्हती. अशी गाडी ह्यांच्या हाताखाली कधी आलीच नव्हती.

शेवटी भावानं कंपनीच्या वर्कशॉपला फोन लावला. त्यांची व्हॅन येईपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. आलेल्या माणसानं एक यंत्र वायरीनं गाडीला जोडलं, त्यात बघितलं आणि गाडीखाली शिरून सायलेन्सरच्या डब्याजवळची एक नळी सोडली. नळीचं तोंड पांढऱ्या खड्यांनी बुजून गेलं होतं. चुना जमावा तसं. ते त्यानं बोटानं खरवडून दाखवलं.

"मालक, टाकीत काय टाकलं होतं?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. "शेतातला युरिया आणि बोअरचं पाणी टाकलं की असं होतं. बरेच जण टाकतात. गाडी मग मुद्दाम स्वतःला आवळून घेते, जोरच कमी करते. आता टाकी, पंप, सगळं बदलावं लागणार, आणि हे गॅरंटीत बसत नाही."

 हे पेटीतले पाने एकेक फडक्यानं पुसत होते. पाने स्वच्छच होते.

भाऊ म्हणाला, "पंपावरनंच घेतलं हुतं सायेब. डब्यातलं. त्यांनीच भेसळ दिली आसल."

"मग पंपावर तक्रार करा."

"जाऊ द्या. कुठं भांडत बसायचं."

मी ह्यांच्याकडं बघितलं. वाटलं, आता हे म्हणतील, मी टाकलं म्हणून. हे मान खाली घालून पाने पुसत राहिले. भावानं माझ्या हातातला डबा घेतला, म्हणाला, "ताई, तू कशाला आलीस एवढ्या उन्हात?" आणि तिथंच ट्रकच्या सावलीत बसून भाकरी खाल्ली. ह्यांना "दाजी, या ना दोन घास," म्हणाला. हे नको म्हणाले.

भाऊ त्या गोष्टीवरून आम्हाला एक शब्द बोलला नाही. भावजयीचा फोन आला तेव्हा तीही म्हणाली, "वन्सं, पंपावाले लई हरामखोर झालेत बघा." म्हणजे त्यानं घरीही तेच सांगितलं होतं. तो भांडला असता तर बरं झालं असतं असं मला वाटतं. भांडण मिटवता येतं.

हे आता शेडात बसतात. जुना ट्रॅक्टर आला तर करतात, आणि नीट करतात. नवी गाडी थांबली तर उठायच्या आधीच हातानं पुढचा रस्ता दाखवतात, वर्कशॉप तिकडं आहे म्हणून. खोकला कमी झालाय. कपडे पांढरे निघतात.

भाऊ मला भेटायला येतो, पण मोटरसायकलवर. ट्रक खेपेला गेलाय म्हणतो. मागच्या बाजाराला मी चालत निघाले होते तेव्हा ट्रक पुढच्या वळणापलीकडं, हॉटेलच्या मागं लावलेला दिसला. क्लिनर खाली आडवा झाला होता. मोटरसायकल बहुतेक हॉटेलवाल्याचीच असेल. मी घरी काही सांगितलं नाही.

पण ह्यांना ते माहीत होतं. एके दिवशी जेवताना ताटाकडं बघतच म्हणाले, "तुझ्या भावाला सांग, गाडी दारात लावत जा म्हनावं. मी हात लावायचो न्हाई."

भाऊ परवा येऊन गेला. मी चहा दिला, भावजयीची चौकशी केली, पोरांच्या शाळेचं विचारलं. हे शेडातच होते, तिथूनच "बरं हाय का पाव्हनं?" म्हणाले. निरोप माझ्या तोंडातून निघाला नाही. तो दिला, तर आपण गाडी लपवून येतो हे दाजींना ठाऊक आहे असं भावाला कळेल, आणि मग तो यायचाच कमी होईल. तो गेल्यावर हे आत आले, हात धुतले आणि जेवायला बसले. निरोप दिलास का, असं काही विचारलं नाही.