ठोकळा कोण धरणार

त्या बॅटरीवरच्या पॉप रिव्हेटच्या यंत्राचं नाव काढलं तरी आजही माझं डोकं फिरतं.

नगरच्या एमआयडीसीत आम्हा दोघा भावांची टेम्पोच्या बॉड्या बांधायची शेड आहे. आमचे मेव्हणे, म्हणजे ताईचे यजमान, मुळा धरणाच्या फुगवट्यात मासे धरतात. त्यांची जुनी होडी गंजली, म्हणून त्यांनी आमच्याकडे ॲल्युमिनियमची मागितली. जाळं ओढायला होडीत ताई बसते, आणि तिला पोहता येत नाही. हे दादाला माझ्याइतकंच माहीत होतं.

मी म्हणालो, होडीला भरीव रिव्हेट लागतात, त्यासाठी हवेवर चालणारा हातोडा घेऊ. त्याला माणसं मात्र दोन हवीत. एकाने बाहेरून हातोडा चालवायचा, दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा गच्च दाबून धरायचा. धरणाऱ्याचे हात बधिर होतात, कान किटतात. दादाला नेमकं तेच नको होतं. त्याने मला न विचारता बॅटरीचं यंत्र आणलं. एकटा माणूस पटापट मारत सुटतो, मधली खिळी तुटून बाहेर येते आणि रिव्हेट पोकळ राहतो. "टेम्पोला चालतंय, मग होडीला काय धाड भरली?" म्हणे. मी तरी हट्टाने भंगार बाजारातून हातोडा आणला. पण मी पारनेरला एका कामावर गेलो तेवढ्यात या शहाण्याने अख्खी होडी पॉपने मारून मोकळी केली.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली. दसऱ्याला होडी पाण्यात घालायची म्हणून ताई आली होती. मी होडी विटांवर ठेवली आणि आत पाणी भरलं. तळाच्या रिव्हेटांतून थेंब गळायला लागले, रांगच्या रांग.

"लांबी भरू वरून, भोकं बुजतील," दादा म्हणाला. "आज हत्यार उचलत न्हाईत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःचा आळस झाकायला याला बरा सण सापडला. मी तोंड उघडणार तोच ताईने पूजेतला हातोडा उचलला, पदराने हळदकुंकू पुसलं आणि माझ्या हातात दिला.

"देवीला काय सांगायचं ते मी सांगते. तू मार."

पॉप ड्रिलने काढले, भोकं मोठी केली, होडी कुशीवर कलती केली. ताई आत उकिडवी बसली आणि दोन्ही हातांनी ठोकळा दाबून धरला. दर ठोक्याला तिच्या बांगड्या वाजत होत्या. तिने त्या उतरवून ठेवल्या. दादा दारात उभा राहून मोबाईल बघत होता. दिवस कलला तेव्हा ताईची बोटं मिटेनात. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"तुझ्या टेम्पोत माल बसतो, दादा. हिच्यात मी बसनार हाय."

दादाने मान खाली घातली. ठोकळा धरायला मात्र तो आला नाही.