पाच गाड्यांचं एक इंजिन

गाड्यांच्या सुट्या भागांच्या त्या दुकानात अण्णा चौतीस वर्षं काउंटरमागे उभे होते. अठराशे सीसीचं, चार सिलिंडरचं एक जुनं इंजिन कुठल्या कुठल्या गाड्यांत बसवलं होतं, ते त्यांना तोंडपाठ होतं. आधी चौकोनी तोंडाची कार, मग तिचीच लांब शेपटीची बहीण, मग टॅक्सीवाल्यांची लाडकी, मग छोटा ट्रक आणि शेवटी व्हॅन. "सासर बदललं, पोरगी तीच," असं ते म्हणायचे आणि गॅरेजवाले हसायचे.

मग कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला काउंटरवर एक तरुण मुलगी आली. अण्णांना विचारायला कोणी येईना. घरीही विचारणारं कोणी नव्हतं; बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, लेक दुसऱ्या शहरात नांदत होती.

एका सोमवारी बेकरीवाली बाई आली. तिची पाव पोचवायची व्हॅन बंद पडली होती, इंजिनाचं हेड गॅस्केट हवं होतं. काउंटरवरच्या मुलीने दोनदा शोधलं.

"या व्हॅनचं दाखवतच नाहीये."

"छोट्या ट्रकचं दे," अण्णा मागून म्हणाले. "शेवटची दोन वर्षं कारखान्याने व्हॅनच्या इंजिनावर नंबर वेगळा ठोकला. आत अठराशेच आहे."

गॅस्केट चपखल बसलं. दुसऱ्या दिवशी बाईने फोन करून तसं कळवलं. संध्याकाळी अण्णांनी लेकीला फोन लावला.

"बाबा, जेवलात ना? मी जरा गडबडीत आहे."

"जेवलो," ते म्हणाले. गॅस अजून पेटवलाही नव्हता.

दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या, "अण्णा, डोक्यात आहे ते सगळं हिला सांगा. कॉम्प्युटरमध्ये घालू." आठ दिवस काउंटरवरची मुलगी खुर्ची ओढून शेजारी बसली. "मग पुढे?" विचारत राहिली. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून येऊ लागले. शेवटच्या दिवशी सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ट्रकच्या पंख्याच्या पट्ट्याची लांबी त्यांनी सावकाश, दोनदा सांगितली.

पुढच्या आठवड्यात एक मेकॅनिक टॅक्सीचा वॉटर पंप मागायला आला. अण्णा पुढे सरकले. तोवर मुलीने बटणं दाबली होती.

"कारचाच चालेल. इंजिन एकच आहे," ती म्हणाली आणि शाबासकीच्या आशेने वळली.

"बरोबर," अण्णा म्हणाले आणि पंप आणायला आत गेले. पंप हाताशीच होता. तरी ते फडताळापाशी बराच वेळ उभे राहिले.