त्या कवीच्या घरी

जूनमध्ये हॅनोव्हरच्या रस्त्यांवर लिंडनच्या झाडांचा मोहर दरवळू लागला की मला त्या कवीच्या घराचं अंगण आठवतं. एकोणिसाव्या शतकातला तो कवी आणि कादंबरीकार. पुण्यात जर्मनचं एम.ए. करताना मी त्याच्यावर प्रबंध लिहिला होता, शब्दकोश मांडीवर घेऊन, एकेका ओळीशी झगडत. लग्न होऊन इथे आले, आणि बऱ्याच वर्षांनी त्याचं घर बघायला गेले तेव्हा तिसरीतली लेक बरोबर होती. तिचा जन्म इथलाच. मी मराठीत विचारायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. घर दाखवणाऱ्या आजीबाईंनी त्याच्या खिडकीपाशी उभं राहून त्याच्या नदीवरच्या कवितेची पहिली ओळ म्हटली. पुढची म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर लेकीने अख्खी कविता म्हणून टाकली. शाळेत शिकवली होती म्हणे. मला कधीच न साधलेली लय तिच्या जिभेवर अलगद आली होती. आजीबाईंनी कौतुकाने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला इंग्रजीत विचारलं, "तुम्हाला थोडंफार जर्मन येतं का?" पोटच्या पोरीचा इतका हेवा वाटू शकतो हे मला तेव्हा कळलं. मी आभार मानून दाराकडे वळले. बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला. "आई, तुला अर्थ सांगू?" मी "सांग" म्हटलं, आणि अडखळत, शब्द शोधत तिने ती सगळी कविता मला मराठीत सांगितली. आता ती युनिव्हर्सिटीत तोच कवी शिकते आणि त्याच्याबद्दल फोनवर भरभरून बोलते. हेवा अजून गेलेला नाही, पण फोन मी आधी ठेवत नाही.