बॅगांचा काटा

आधी रजनीताईंचं नाव लिहिते. नागपूरच्या, आमच्यातल्याच. बुद्धजयंतीला ओळख झाली. इथं अमेरिकेत, आमच्या मॉरिसव्हिल गावातच नोकरी करतात. त्या नसत्या तर माझी पोर मैत्री अजून काकडी चघळत बसली असती आणि मी सगळ्यांना थँक यू म्हणत फिरले असते.

आता काय झालं ते.

काका-काकू इंडियाला निघाले होते. नात्यातले नाहीत, इथली सगळी मराठी माणसं त्यांना तसंच म्हणतात. त्यांनीच ह्यांना इथं नोकरीला लावलं. निघायच्या आधी सगळे त्यांच्याकडे जमतात, आपापली पार्सलं द्यायला. कुणाचे पुतण्यासाठी बूट, कुणाच्या आईसाठी गोळ्या. हॉलमध्ये बॅगा पसरलेल्या, मधोमध वजनकाटा. बॅग ठेवायची, आकडा ओरडायचा, जास्त झालं की बदामाची पाकिटं काढायची. मी खाली बसून चेन लावत होते. त्या घरात मी सोफ्यावर बसत नसे. काहीतरी करत राहायची.

मैत्री माझी मुलगी. पहिलीत जाते. जन्मापासून डाउन सिंड्रोम. बोलते कमी, हसते खूप. काकांनी तिला काखेत धरून उचललं आणि काट्यावर उभं केलं.

"चला, ही पण चेक-इन!"

आकडा मोठ्यानं वाचला. "बापरे! एक्स्ट्रा बॅगेज!"

अख्खा हॉल हसला. मैत्रीला वाटलं, आपण काहीतरी जिंकलो. तिनं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. माझा नवराही हसला. दात दिसतील एवढंच.

काकू म्हणाल्या, "ही मुलं अशीच असतात गं. पोट भरल्याचं कळतच नाही. त्यात आई शिकलेली नाही. तुमच्याकडे तसंही भातावर भात."

तुमच्याकडे. मी नववीत शाळा सोडली. पण ह्या शब्दाचा अर्थ मला पहिलीपासून येतो.

मग त्यांनी मैत्रीच्या हातातली केकची प्लेट काढून घेतली. काकडी दिली. बाकीची पोरं केक खात होती. माझी पोर काकडी खात त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

निघताना मी म्हणाले, "थँक यू, काकू." सवयीनं. त्याची चव अजून जिभेवर आहे. कडू.

रजनीताईही पार्सल द्यायला आल्या होत्या. पार्किंगमध्ये त्या मागून आल्या. "हिची उंची कधी मोजली होती?"

ह्या गावी यायच्या आधी ट्रॉयला राहत होतो तेव्हा. इथं आल्यापासून तपासणी राहूनच गेली. मला गाडी येत नाही, इंग्रजीची भीती, ह्यांना सुट्टी नाही. आणि वजनावर सगळे बोलतात, उंचीचं कोण विचारतं? तिच्या अंगातला फ्रॉक गेल्या वर्षीचा होता. पोटावर ताणलेला, लांबीला मात्र तसाच्या तसा.

ताईंनी सुट्टी काढली. गाडीत घालून आम्हाला क्लिनिकला नेलं.

तिथल्या काट्यावर मैत्री उभी राहिली आणि मागं वळून बघायला लागली. टाळ्या कोण वाजवतंय ते. कुणीच वाजवल्या नाहीत. तिनं एकटीनंच वाजवल्या.

माझं मन तिथं फिरलं.

डाउनच्या मुलांसाठी वाढीचा वेगळा तक्ता असतो. डॉक्टरांनी तो दाखवला. वजनाची रेघ वर चढलेली, उंचीची आडवी पडलेली. ताई मराठीत सांगत गेल्या. ह्या मुलांची उंची सावकाश वाढते, पण अशी अडत नाही. अडली की कारण शोधायचं. रक्त घेतलं. थायरॉइड कमी निघालं. आता रोज सकाळी गोळी.

मी विचारलं, "माझ्या भातानं झालं का?"

ताईंनी इंग्रजीत विचारलं. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नो, मॉम." एवढं मला आपलं आपण कळलं.

काका-काकू परत आले. पुन्हा सगळे जमले. कोपऱ्यातला काटा काकूंनी पायानंच पुढं सरकवला.

"ये गं मैत्री, बघू उतरलं का."

मी पोरीचा हात धरला. "आधी तुम्ही, काकू."

"काय?"

"उभ्या राहा. सगळ्यांसमोर. आकडा मी वाचते."

काका म्हणाले, "अगं, गंमत केली होती यार."

"मग हसा ना, काका. मागच्या वेळी किती छान हसला होतात."

कुणी हसलं नाही. नवरा कानाशी पुटपुटला, "सॉरी म्हण. नोकरी त्यांनी दिलीय."

"नोकरी घेतली आपण. पोरगी नाही दिली त्यांना."

काकू काट्यावर चढल्या नाहीत. पण सगळा हॉल त्यांच्या पायांकडे बघत होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं. मी टेबलावरून केकचा एक तुकडा घेतला, मैत्रीला दिला आणि तिला घेऊन सोफ्यावर बसले. मधोमध.

मैत्रीची उंची आता जराशी हलली आहे. वजन आहे तिथंच आहे. उतरेल, नाही उतरणार. ते मी आणि डॉक्टर बघू. हे अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. काकांनी नोकरीवर राग काढला तर काढू देत. मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. पुढच्या वेळी बॅगा भरतील तेव्हा, बोलावलं नाही तरी, मी मैत्रीला घेऊन त्या हॉलमध्ये जाणार. काटा मधोमध असेल आणि मी समोर बसलेली असेन. बघू कोण कुणाला उचलतं.

रजनीताई, मी ड्रायव्हिंग शिकतेय. तुमचं मी असं फेडीन. अशी पोर घेऊन कुणी आई त्या घरातून मान खाली घालून बाहेर आली, की पार्किंगमध्ये मी असेन. गाडी चालू ठेवून.