‘थांब’च्या मागचं पान

सगळे तिला टेलरबाई म्हणत, पण खरं सांगायचं तर ती नवं काहीच शिवायची नाही. पँट आखूड कर, कोटाची बाही उतरव, चेन बदल, पोट सुटलं म्हणून कंबर ढिली कर, असली कामं. दुकान म्हणजे एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि पडदा लावलेला एक कोपरा. त्या कोपऱ्यात माणसं कपडे बदलायची आणि बदलता बदलता बोलायची. तोंडात टाचण्या धरलेल्या बाईला उलट उत्तर देता येत नाही ना, म्हणून लोक तिला काय काय सांगायचे! कुणाचा घटस्फोट, कुणाची मूळव्याध, कुणाच्या सुनेचा तुसडेपणा. तिनं सगळं ऐकलं आणि या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही.

अंगाची तर तिला लाज म्हणून नव्हती. अंग म्हणजे माप, त्यात लाजायचं काय? मग तिचं स्वतःचं ऑपरेशन झालं. डावा स्तन काढावा लागला. जीव वाचला, गेलेले केस परत आले, दुकान परत उघडलं, सगळं रीतसर झालं. काही महिन्यांनी एकदा नवऱ्यानं तिच्या शर्टाच्या बटणाला हात घातला आणि ती पटकन म्हणाली, “थांबा.” तो थांबला. कूस बदलून झोपला. त्यानंतर त्यानं हात म्हणून पुढे केला नाही, आणि बघता बघता दोन वर्षं उलटली. टेलरबाईनं मनाशी पक्कं करून टाकलं की आपण थांबा म्हटलं आणि हा सुटला. किळस येत असणार. चांगला माणूस आहे म्हणून बोलून दाखवत नाही, एवढंच.

चांगला माणूस होताच तो. लिफ्ट दुरुस्त करायचा. पण बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप! “जेवलीस?” “किल्ली कुठाय?” “येतो.” एवढ्या तीन वाक्यांवर त्याचा दिवस निघायचा. अशा माणसाच्या पोटात शिरून बघायचं कसं, सांगा.

स्पर्धेचं खूळ भाचीनं आणलं. भाची तिशीची, महाबडबडी. कोटाचं अस्तर बदलायला आली आणि पडद्याआडून सांगत सुटली.

“मावशी, शब्दांचे खेळ गं. चित्र नाही, ढिशूम ढिशूम नाही. पडद्यावर चार ओळी येतात, खाली दोन-तीन बटणं. तू जे दाबशील तशी गोष्ट पुढे जाते. आमच्या मंडळानं स्पर्धा ठेवलीये. छोटे खेळ हवेत, एका बैठकीत संपणारे. आणि फक्त मोठ्या माणसांसाठी हं.”

आता ‘फक्त मोठ्या माणसांसाठी’ म्हटल्यावर तुमच्या डोक्यात काय आलं ते कळलं मला, आणि तुमचं चुकलेलंही नाही. शरीर, गादी, उशी, सगळं त्यात चालायचं. पण मंडळ भलतं कडक होतं. लिहिणाऱ्याचं नाव निकालापर्यंत गुप्त. जो स्वतःहून उघडा पडला तो बाद. आणि प्रत्येक पानावर ‘थांब’ असं एक बटण हवंच. गोष्टीतल्या माणसाला कुठल्याही क्षणी माघार घेता आली पाहिजे.

“आणि नुसतं बटण ठेवून भागत नाही,” भाची म्हणाली. “थांब म्हटल्यावर पुढे काय होतं, तेसुद्धा लिहायला लागतं.”

टेलरबाईनं तोंडातल्या टाचण्या काढून डबीत टाकल्या. “मला शिकव,” ती म्हणाली. भाचीचा आ वासलेला तसाच राहिला.

दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून ती फोनवर लिहायला बसू लागली. हरखून गेली बाई! आयुष्यात एकदा तोंडातून गेलेलं वाक्य काही केल्या परत उसवता येत नाही. इथे येत होतं. ‘ती रागावून खोलीबाहेर गेली’ असं लिहायचं, आणि शेजारी दुसरं पान काढून ‘ती गेली नाही, तिथंच बसली’ असंही लिहायचं. दोन्ही खरं! एकाच संध्याकाळच्या पोटात एवढ्या संध्याकाळी असतात, हे तिला एवढं वय होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. कधी कधी ती फोन खाली ठेवून नुसती बसायची.

तिच्या खेळातली बाई काचेच्या घरात रोपं वाढवायची आणि नवरा जहाजावर स्वयंपाकी होता. बऱ्याच काळानं तो घरी येतो, आणि मधल्या काळात बाईचं ऑपरेशन होऊन गेलेलं असतं. धंदे बदलले म्हणजे कुणाला पत्ता लागणार नाही, एवढी हुशारी तिनं केली. पण जहाजावरच्या त्या स्वयंपाक्याला तिनं अंगाला हात लावण्याआधी तळवे चोळून गरम करायची सवय देऊन टाकली. ती सवय कुठून आली हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

सगळं लिहून झालं, एक पान सोडून. पानापानावरची ‘थांब’ बटणं तिनं एकाच पानाला जोडली होती आणि ते पान शेवटी लिहू म्हणून मागे ठेवलं होतं. रोज ते उघडायची, ‘तो’ असा एक शब्द लिहायची आणि पुसायची. बाई थांब म्हणाली. मग तो काय करतो? तिला माहीतच नव्हतं, तर लिहिणार काय, कप्पाळ! मुदत संपत आली. भाचीनं खेळ तपासला, नाक पुसत म्हणाली, “मावशी, रडवलंस गं.” पण भाचीनं ‘थांब’ एकदाही दाबलं नव्हतं. मावशीच्या गोष्टीत मध्येच थांब म्हणायचं, बरं दिसतं का ते! आणि मावशीनंही तोंड उघडलं नाही. कोण दाबतंय, म्हणून रिकाम्या पानासकट खेळ स्पर्धेत गेला.

रविवारी सकाळी सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये सगळे जमणार होते. ती चप्पल घालत होती तर नवरा म्हणाला, “मीपण येतो.”

“तुम्ही? तिथे शब्दांचे खेळ असतात नुसते. मीही बघायलाच चाललेय.”

“बरं,” तो म्हणाला आणि बूट घालून तयार.

हॉलमध्ये भिंतीवर मोठा पडदा, त्यापुढे खुर्च्या, आणि सगळ्यांना धाकात ठेवणारी एक निवृत्त नर्स. तिला सगळे सिस्टर म्हणत. तिथली रीत अशी होती, की खेळ एकजण मोठ्यानं वाचतो, बाकीचे हात वर करून कुठलं बटण दाबायचं ते सुचवतात, पण बोट वाचणाऱ्याचं. वाचणारा असा हवा, ज्यानं स्वतः काही लिहिलेलं नाही आणि आधी काही वाचलेलंही नाही. म्हणजे कुणाच्या तरी सोबत आलेले, मागे बसून जांभया देणारे, तेच नेमके पकडले जायचे. आणि बटण दाबल्यावर पान सापडलं नाही तर? तर वाचणाऱ्यानं आपल्या मनानं पुढचं सांगायचं. खेळ मोडला म्हणून उठून जायचं नाही, असा सिस्टरचा दंडक होता.

पहिला खेळ दोन म्हाताऱ्यांचा होता, दोघंही विधुर. त्यातल्या एकाला दुसऱ्याच्या शेजारी झोपायचं होतं आणि विचारायचं धाडस होत नव्हतं. हॉलमध्ये चष्मेवाले, गुडघे धरणारे, नातवंडं असलेले लोक हात वर करून ठरवत होते की आधी विचारावं की आधी पांघरूण पुढे करावं. एकजणही खिदळला नाही. सरकारी बैठकीतसुद्धा लोक इतके गंभीर नसतात! टेलरबाई खुर्चीत पुढे सरकून ऐकू लागली. ज्या गोष्टी लोक तिच्या पडद्याआड कुजबुजत सांगायचे, त्या इथे उजेडात बसून, एकमेकांना सांभाळत बोलल्या जात होत्या.

असे आणखी काही खेळ झाले, दुपार होत आली. “आता शेवटचा खेळ,” सिस्टर म्हणाली आणि तिनं बोट रोखलं. “तुम्ही. निळा शर्ट. या पुढे.”

निळा शर्ट म्हणजे लिफ्टवाला. तो इकडे तिकडे बघत उठला. पडद्यावर नाव आलं, ‘काचेचं घर’, आणि टेलरबाईची पाचावर धारण बसली. पळून जावं तर शेजारी भाची, तिनं मनगट घट्ट धरलेलं.

तो वाचू लागला. तक्रारीची चिठ्ठी वाचावी तसा, सपाट. रोपं आली, पाऊलवाट आली, जहाजावरून आलेला नवरा दारात उभा राहिला. हात वर होत होते, तो बटणं दाबत होता. मग पुढचं पान आलं. “तो तिच्याजवळ बसतो. तळवे एकमेकांवर चोळतो, गरम होईपर्यंत. मग…”

तिथे तो अडला. त्यानं स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग मागच्या रांगेकडे बघितलं, सरळ तिच्याकडे. फार वेळ नाही. परत पडद्याकडे वळला आणि वाक्य पुरं केलं. “मग तिच्या शर्टाच्या बटणाला हात घालतो.”

खाली बटणं होती. ‘त्याचा हात धर.’ ‘दिवा मालव.’ ‘थांब.’ सगळा हॉल ‘हात धर’च्या बाजूनं. एकही हात खाली नव्हता.

त्यानं ‘थांब’ दाबलं.

“अहो, असं काय करता!” कुणीतरी कळवळून ओरडलं. पडदा कोराच राहिला. पांढरा फटक. पान नव्हतंच तिथे.

“पान नाही,” सिस्टर शांतपणे म्हणाली. “मग आता तुम्ही सांगा. ती थांब म्हणाली. तो काय करतो?”

ज्या प्रश्नापुढे टेलरबाई रोज दुपारी हात टेकत होती, तो प्रश्न भर हॉलमध्ये ज्याला विचारायचा त्यालाच विचारला गेला होता. तीन वाक्यांचा तिचा नवरा, पन्नास माणसांपुढे उभा. तिला त्याची दया आली आणि भीतीही वाटली, आता हा खरं बोलेल म्हणून.

“तो थांबतो,” तो म्हणाला. मग त्यानं घसा खाकरला. “थांब म्हटलं की थांबायचं. त्यात चुकलं नाही त्याचं. आमच्याकडे लिफ्ट अडकते, आत माणूस असतो, तेव्हा दार ओढायचं नसतं. ओढलं तर आतल्याला लागतं. बाहेर बसून राहायचं. पण नुसतं बसायचं नसतं हो. बोलत राहायचं असतं. मी आहे, कुठं गेलो नाही, हे सांगत राहायचं. नाहीतर आतल्या माणसाला वाटतं, सगळे निघून गेले.”

त्यानं कपाळ पुसलं.

“हा माणूस बसला बाहेर. पण बोलला नाही. त्याला वाटलं, बोललो तर ते पण ओढल्यासारखंच होईल. गाढव आहे तो. रोज बसतो अजून. गेलेला नाही कुठे.”

टेलरबाई नुसती बघत राहिली. ज्या माणसाबरोबर इतकी वर्षं एका छताखाली काढली, ज्याच्या कॉलरचं माप झोपेतही सांगितलं असतं, त्याच्या आत हे एवढं सगळं होतं! आणि आपण काय धरून बसलो होतो, तर किळस. लाजेनं नाही, आनंदानंही नाही, थक्क होऊन तिचे डोळे भरून आले.

“मग आता तो काय करतो?” सिस्टरनं विचारलं.

“विचारतो,” तो म्हणाला. पडद्याकडे नाही, मागच्या रांगेकडे बघत. “आत बरं आहे ना, म्हणून विचारतो.”

भाचीनं तिचं मनगट आणखी आवळलं. “मावशी, बोलू नकोस,” ती कुजबुजली. “बाद होशील. पहिला नंबर आहे गं तुझा, नक्की.”

टेलरबाई उठून उभी राहिली.

“बरं नाही,” ती म्हणाली. आवाज फाटला, तरी हॉलभर गेला. “अजिबात बरं नाही. मला वाटलं, तुम्ही गेलात.”

क्षणभर कुणाला काही कळेना. मग सगळ्यांनाच कळलं, आणि एकाही माणसानं टाळी वाजवली नाही, हे त्या लोकांचं मोठेपण. सिस्टरनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“लेखिका उघड झाली,” ती म्हणाली. नियम म्हणजे नियम. “‘काचेचं घर’ बाद.” आणि मग हळूच, “घरी जा बाई आता.”

घरापर्यंत कुठलं जाणं होतंय! जिना अर्धा उतरून झाला आणि टेलरबाई थांबली. खिडकीतून भर दुपारचं ऊन पायऱ्यांवर पडलं होतं, वरून माणसं खाली येत होती. “अहो, इकडे या,” ती म्हणाली आणि त्याचा हात धरून शर्टावरून त्या सपाट जागेवर ठेवला.

त्यानं विचारलं, “दुखतं?”

“नाही. काहीच कळत नाही तिथं. बधिर झालंय सगळं.”

तो घाबरला, पण त्यानं हात काढला नाही. “मग माझा हात आहे हे तुला कळतंय कसं?”

“बघतेय ना मी,” ती म्हणाली.

वरून येणारी माणसं पायरीवरच थांबली होती. वाट सोडा, असं कुणी म्हणालं नाही.